उरलेल्या कापूस-कोसा-लोकरीचं गाठीगाठीचं सूत काततेय, पण गाठ सुटते. कोणी सांगेल का?

गाठोडंवाली
१७ एप्रिल, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, लिहायचं आज मनावर घेतलं.

मी नागपूरची, त्रिमूर्ती नगरात राहते. मागच्या दिवाळीनंतर आमच्या आत्या गेल्या. महालातलं त्यांचं घर आवरताना माळ्यावरून एक गाठोडं निघालं, जुन्या नऊवारीत बांधलेलं, आणि त्याच्याखाली त्यांचा पेटी चरखा. आत्या रोज संध्याकाळी दिवा लावला की अर्धा तास कातायच्या, हे आम्ही लहानपणापासून बघितलेलं. पण हे गाठोडं कोणालाच माहीत नव्हतं. त्यात निघालं काय तर पिवळे पडलेले तीसेक पेळू (कातायला केलेल्या पिंजलेल्या कापसाच्या वळ्या), दोन-तीन मुठी भुरकट सोनेरी कोसा (टसर रेशीम), उसवलेल्या दोन स्वेटरचे गुंडे (एक मरून, एक बाटलीहिरवा), मागावरच्या लाल-काळ्या दशांची (विणून उरलेल्या धाग्यांच्या टोकांची) जुडी, उशीतून काढलेला वाटतो असा सावरीचा कापूस आणि थोडी दोर वळायची अंबाडी. प्रत्येक गोष्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीचं तोंड सुताने बांधलेलं. म्हणजे टाकायला ठेवलेलं नव्हतं ते, कशासाठी तरी ठेवलेलं होतं.

मला यातून जाडभरडं, मुद्दाम गाठी ठेवलेलं सूत कातायचंय आणि त्याचं एक आसन विणून घ्यायचंय, आत्येबहिणीच्या देवघरापुढे घालायला. टकळी शाळेत शिकले होते, चरख्यावरही आता साधं सूत बरं निघतं. पण हे सगळं एकत्र करून कातायला गेले की गाठ येते, छान दिसते, आणि चातीवर (चरख्याच्या फिरत्या सळईवर) गुंडाळायला घेतलं की नेमकी गाठीतूनच तार निसटते. जास्त पीळ दिला तर गाठीच्या दोन्ही बाजूला स्प्रिंगसारखे वेढे पडतात आणि गाठ मात्र तशीच मऊ. चार संध्याकाळी गेल्या, जेमतेम तीन मीटर सूत झालं. काय चुकतंय?

---

चिमणीपाखरू
१७ एप्रिल, रात्री ११:१५

किती सुंदर! नऊवारी फेकू नका हं, तिच्याही पट्ट्या कामी येतील. चरख्यातलं मला काही कळत नाही पण हा चर्चेचा धागा वाचत राहणार. फोटो टाका ना.

---

वर्धेचीलेक
१८ एप्रिल, सकाळी ६:३०

गाठोडंवाली, तुमचं सूत तुटत नाहीये, सुटतंय, आणि हा फरक आधी ओळखायला हवा म्हणजे पुढचं सोपं होतं. निसटलेलं टोक उजेडात धरा. कात्रीने कापल्यासारखं आखूड असेल तर ते तुटलं. केरसुणीसारखं मोकळं, निमुळतं असेल तर तंतू एकमेकांवरून घसरून वेगळे झालेत. तुमचं दुसरं असणार, मी पैज लावते.

आता कारण. पीळ नेहमी बारीक जागी पळतो. जाड जागेला पिळायला जोर लागतो, बारीक जागा लगेच पिळली जाते, म्हणून तुम्ही चाक कितीही फिरवा, तो सगळा पीळ गाठीच्या दोन्ही माना घेऊन बसतात आणि गाठीच्या पोटात काहीच पोचत नाही. मग पोटाला धरून ठेवणार कोण? फक्त ते तंतू, जे एका मानेत सुरू होऊन दुसऱ्या मानेत संपतात. आपल्या इकडच्या कापसाचा तंतू साधारण इंचभर, गावरानी असेल तर सहसा त्याहून आखूड. आणि तुमची गाठ असेल दोन इंचाची! म्हणजे एकही तंतू इकडून तिकडे पोचत नाही. मधे नुसता कापसाचा बोळा आहे.

म्हणून माझा एकच नियम आहे, मला सेवाग्रामकडच्या एका म्हाताऱ्या कातणाऱ्या बाईंनी शिकवलेला: गाठ तंतूपेक्षा लांब नको. कापसाची गाठ अर्ध्या इंचाची, वाटाण्याएवढी. लांब, पोटुशी गाठ हवी असेल तर तिच्या आत लोकर किंवा कोसा घाला, त्यांचा तंतू लांब, तो दोन्ही माना धरतो, आणि कापूस त्याच्याभोवती बसतो.

आज कातू नका. फुटपट्टी घ्या, प्रत्येक पिशवीतली एक चिमूट घ्या, तंतू सरळ करून मोजा आणि पिशवीवर लिहून ठेवा. रंगावरून वाटणी नंतर. आधी लांबीवरून.

---

गाठोडंवाली
१८ एप्रिल, दुपारी ३:०५

टोकं बघितली. केरसुणीच! एकही कापल्यासारखं नाही. चार दिवस मी पीळ वाढवत बसले होते आणि पीळ पोचतच नव्हता, हे वाचून अंगावर काटा आला हो.

मोजलं ते असं: पेळूचा कापूस २४ मिलिमीटर. कोसा चार ते पाच इंच, पण ताठ, केसासारखा वाकत नाही. सावरीचा तंतू मोजताच येईना, बोटातून निसटतो, हातभर उडतो. स्वेटरचं मात्र कळेना, तो तंतू नाहीच, तो आधीच कातलेला धागा आहे, त्याचं काय करायचं? दशांचंही तेच.

---

धुनकी
१८ एप्रिल, रात्री ९:२०

ताई, मी पिंजाऱ्याच्या घरचा. आजोबा धनुकी (तांत बांधलेलं कापूस पिंजायचं धनुष्य) खांद्यावर टाकून महाल, इतवारी, जुनी शुक्रवारी असे फिरत. तांत वाजली की बाया गाद्या-उशा बाहेर काढून ठेवत. आता आमचं मशीन आहे, पण धनुकी घरी टांगलेली हाये. म्हणून दोन गोष्टी सांगून देतो.

पहिली, तुमी सगळं एका वेळी एकत्र पिंजून राहिल्या असान. तसं नोका करू. कापूस वेगळा पिंजा, लोकर वेगळी मोकळी करा, अन् शेवटी एकावर एक थर देऊन एकदाच हलका हात फिरवा. जास्त पिंजलं की आखूड तंतू गोळे होऊन बसतात, बारीक खसखशीसारखे. ते गोळे म्हणजे तुमची सुंदर गाठ नाही, तो खराबा आहे, वापरता वापरता गळून पडतो. पिंजायला घरी काही नसन तर कुत्र्याचे केस विंचरायचे तारेचे दोन ब्रश येतात, त्यानं होते काम. मी सोता पोराच्या शाळेच्या प्रोजेक्टले केलं आहे.

स्वेटरच्या धाग्याचे अडीच-तीन इंचाचे तुकडे करा, पीळ उलटा फिरवून बोटानं उसवा अन् मग ब्रशवर घ्या. पुन्हा तंतू होते त्याचा. दशा उसवू नका, तशाच इंच-दोन इंच कापून ठेवा, त्या रंगाच्या टिपक्या म्हणून कामी येतीन.

दुसरी, सावर. सावरीचा तंतू आतून पोकळ अन् वरून गुळगुळीत, काचेच्या नळीसारखा. कपाशीचा तंतू वाळला की चपटा होऊन स्वतःच वळ्या खातो, त्या वळ्यांनीच एकमेकाले धरते तो. सावरीत त्या वळ्या नाहीत, म्हणून नुसत्या सावरीचं सूत निघत नाही, उशीच होते. मूठभर सावरीले चार मुठी कापूस, त्याच्यावर नोका जाऊ. नाकाले फडकं बांधून करा, लय उडते, अन् बाजूले दिवा-उदबत्ती नको. भुर्रकन पेटते.

---

चिमणीपाखरू
१८ एप्रिल, रात्री ९:४१

स्वेटर लोकरीचाच आहे हे कसं ओळखायचं पण? आमच्याकडे हिवाळ्यात तिबेटी दुकानांतून घेतलेले ढीगभर आहेत.

---

धुनकी
१८ एप्रिल, रात्री ९:५८

त्यातले बम अॅक्रिलिक असतात. धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहा, खाली पाण्याची वाटी ठेवून. कापूस कागदासारखा जळतो, राख मऊ, राखाडी. लोकर अन् कोसा केस जळल्याचा वास देतात, टोकाला काळा मणी होते तो चिमटीत चुरा होतो. पॉलिस्टर, अॅक्रिलिक वितळते, त्याचा मणी टणक राहते, चुरगाळत नाही.

---

बारीकसूत
१९ एप्रिल, सकाळी ७:१०

सर्वांना नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, वय ७४. मनापासून लिहितो, राग मानू नये.

आमच्या पिढीने सूत एकसारखं यावं म्हणून हात झिजवले. सूत जाडबारीक आलं तर गुरुजी सुताची गुंडी (लड) परत करायचे. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले, वर्ध्याचं मगन संग्रहालय १९३८ सालचं, त्या सगळ्या काळात चरखा सुधारण्यामागे हीच तळमळ होती की गरीब घरातल्या बाईच्या हातून विकण्याजोगं, मजबूत, समान सूत निघावं. १९२९ साली चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं होतं, त्या काळचे एक लाख. पुढे अंबर चरखा आला तोही त्याच ध्यासातून. आणि आज आपण मुद्दाम गाठी पाडतो, त्याला सौंदर्य म्हणतो, हे मला पचायला जड जातं. गाठ हा सुताचा दोष आहे असं शिकलोय मी.

---

वर्धेचीलेक
१९ एप्रिल, सकाळी ८:०२

सर, राग कसला. तुम्ही म्हणता ते खरंय आणि मी तेच शिकून मोठी झालेय. धोतराला, साडीला, सदऱ्याला एकसारखंच सूत हवं, तिथे गाठ हा दोषच. ताण्यात (मागावरच्या उभ्या धाग्यांत) गाठ आली की मागाच्या फणीत अडकते, बाजूचे चार धागे घेऊन तुटते.

पण गाठोडंवालीच्या पिशव्यांतून एकसारखं सूत निघणारच नाही. २४ मिलिमीटरचा कापूस आणि पाच इंचाचा कोसा एका तारेत आले की तार जाडबारीक होणारच, ते साहित्याचंच सांगणं आहे. मग दोन रस्ते उरतात, एक म्हणजे सगळं उकिरड्यावर, आणि दुसरा म्हणजे जाडपणा कुठे येऊ द्यायचा आणि कुठे नाही हे आपण ठरवायचं. हात नवा असताना जी गाठ आपोआप पडते ती दोष. जी तुम्ही ठरवून, मोजून, दोन्ही माना पक्क्या करून ठेवता ती नाही. आणि खरं सांगू का, ठरवलेली गाठ कातायला समान सूत येणारा हात लागतो. मी नव्या मुलींना आधी महिनाभर साधंच कातायला लावते.

---

बारीकसूत
१९ एप्रिल, सकाळी ८:३०

"ठरवून, मोजून" हे पटलं. वाचत राहीन.

---

ऐनाचंझाड
१९ एप्रिल, दुपारी १:२५

भंडारा जिल्ह्यातला आहे, कोशाबद्दल बोलतो, कारण गाठोडंवाली ताईंनी "ताठ, वाकत नाही" लिहिलंय तिथेच सगळं आहे.

आपल्याकडचा टसर कोसा ऐन आणि अर्जुनाच्या झाडावर होतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात ढिवर समाजाची घरं पिढ्यान् पिढ्या हे करतात, झाडावर अळ्या सोडून पाखरांपासून, मुंग्यांपासून राखत बसावं लागतं. अख्ख्या कोशातून सलग धागा निघतो, तो आंधळगावसारख्या गावी मागावर जातो, करवतकाठी साड्या त्याच्याच. पण ज्या कोशातून पतंग भोक पाडून बाहेर पडला, किंवा सोडवताना जो भाग तुटून उरला, त्यातून सलग धागा मिळत नाही. तो उकडून हाताने ओढून जाडसर काढतात, त्याला घिचा म्हणतात, आणि सोडवणीतला उरलेला गुंता कातला की ते कटिया. तुमच्या आत्यांकडे बहुतेक हाच उरलेला भाग आहे.

ताठ आहे कारण त्याच्यावरचा डिंक गेलेला नाही. कोशाचा डिंक फार चिवट. साध्या पाण्याने जात नाही, साबण आणि चिमूटभर धुण्याचा सोडा घालून मंद उकळी लागते, अधूनमधून एक तंतू काढून बोटावर वाकवून बघायचा, मऊ पडला की लगेच उतरवायचं आणि तीन-चार पाण्यांत खळबळून काढायचं. मग सावलीत वाळवा. तो रंग बघा तेव्हा, ओल्या मातीवर ऊन पडल्यासारखा. डिंक गेल्यावर तो कापसात नीट मिसळतो, त्याआधी कधीच नाही, टोचत बाहेर येतो.

---

चिमणीपाखरू
१९ एप्रिल, दुपारी ४:५०

माझ्याकडे चरखा नाही. टकळीवर होईल का हे?

---

वर्धेचीलेक
१९ एप्रिल, संध्याकाळी ७:१५

कापसाची पितळी टकळी बारीक सुतासाठी हलकी असते, जाड तार तिला पेलत नाही, मधेच उलटी फिरते. जुन्या सीडीच्या भोकात रबर बसवून लाकडी काठी घाला, वरच्या टोकाला कपाचा हुक फिरवून बसवा. झाली जाड सुताची टकळी. जाड सुताला वेग नकोच, संथ फिरणारीच बरी, हाताला विचार करायला वेळ मिळतो.

गाठोडंवाली, पेटी चरख्याची चाती फार वेगाने फिरते म्हणून तुमचे ते स्प्रिंगसारखे वेढे. चाक अर्धी फेरी, थांबा, तार ओढा, गाठ बसवा, पुन्हा अर्धी फेरी. चरख्याचा फायदा एवढाच की तार चातीच्या टोकावरून निघते, कुठल्या भोकातून जावं लागत नाही, म्हणून गाठ कितीही फुगीर असली तरी अडत नाही.

---

गाठोडंवाली
१ मे, रात्री ११:३०

मंडळी, बारा दिवसांनी येतेय. आधी चांगलं सांगते.

कोसा उकळला. ऐनाचंझाड, तुम्ही म्हणालात तसाच रंग! घरभर ओल्या पानांसारखा वास होता. मग मरून लोकरीचे तुकडे उसवले (जाळून बघितले, लोकरच होती, हिरवा मात्र अॅक्रिलिक निघाला, तो बाजूला ठेवला), दोन ब्रशांवर खाली कापूस, मधे कोसा, वर लोकर, पुन्हा कापूस असे थर दिले. आणि काततानाची ती पहिली गाठ. डाव्या हाताच्या चिमटीत थर थोडा जास्त सोडला, पीळ त्याच्या मानेपर्यंत येऊन थांबलेला बोटाला कळला, अक्षरशः कळला, मुंगी येऊन थबकावी तसा. मग लोकरीचे लांब तंतू पुढच्या बाजूला ओढून घेतले आणि दुसरी मान बांधली. दोन्ही हातांनी खेचून बघितलं. सुटली नाही. मी एकटीच बसले होते, पण मोठ्याने "धरली!" म्हणाले.

अठरा मीटर झालं चार दिवसांत.

आता वाईट. ते अठरा मीटर मी सोडा घालून उकळलं. कापसाचं सूत उकळलं की पीळ पक्का बसतो हे आत्यांकडून माहीत होतं आणि वर धाग्यात कोशाला सोडा चालतो वाचलेलं, म्हणून घातला, आणि चमच्याने ढवळत बसले वीस मिनिटं. लोकर आटली, चिकट झाली, हात लावला की पिठासारखी सुटायला लागली. मरून रंग सुटून कोसा गुलाबी झाला. गुंडी हातात घेऊन ओट्यापाशी उभी राहिले आणि रडू आलं, कारण आत्यांची ती लोकर परत मिळणार नाही.

---

ऐनाचंझाड
२ मे, सकाळी ५:५५

ताई, माझी चूक आहे. "लोकरीसोबत कधीच नाही" हे मी लिहायला हवं होतं. कोसा आणि लोकर दोन्ही प्राण्यापासूनचे तंतू, क्षार दोघांनाही खातो, पण कोसा थोडा तग धरतो आणि डिंक काढायचा असतो म्हणून आपण मोजून, घड्याळ लावून सोडा वापरतो. लोकरीला तो अजिबात सोसत नाही, गरम पाण्यात तर विरघळायला लागते. फार वाईट वाटलं वाचून.

---

वर्धेचीलेक
२ मे, सकाळी ६:४०

आणि ढवळणं. लोकरीच्या तंतूवर माशासारखे खवले असतात, गरम पाण्यात ते उघडतात आणि हलवलं की एकमेकांत अडकतात, म्हणून आटते. कापूस उकळीला घाबरत नाही, ओला झाला की उलट मजबूत होतो. लोकर ओली असताना कमजोर. दोघांचा स्वभाव इतका वेगळा की मिश्र सुताला नेहमी नाजूक सोबत्याच्या हिशोबाने वागवायचं: कोमट पाणी, सोडा नाही, ढवळणं नाही, वीस मिनिटं नुसतं बुडवून ठेवा, पंच्यात गुंडाळून दाबा, सावलीत टांगा. पीळ बसतो तेवढ्याने. रंग सुटतो का ते कातायच्या आधी ओल्या पांढऱ्या चिंधीत दाबून बघायचं.

ते अठरा मीटर नीट बघा मात्र. लोकर आटल्यावर कापसाचे वेटोळे बाहेर आले असतील.

---

गाठोडंवाली
२ मे, दुपारी १२:१०

आलेत. एका ठिकाणी मीटरभर तर फारच सुंदर दिसतंय, मोगऱ्याच्या कळ्या ओवल्यासारखं. पण लोकर हाताला सुटते, आसनाला नाही चालणार. जपून ठेवलंय.

मरून अजून अर्धा गुंडा शिल्लक आहे. पुन्हा सुरू करतेय. पण आता ऊन इतकं वाढलंय की तंतू हाताला चिकटतात, हवेत उभे राहतात, कापूस तुटतोय सुद्धा. एप्रिलमध्ये असं नव्हतं.

---

धुनकी
२ मे, दुपारी २:३०

४५ डिग्रीत हवा कोरडी ठक्क होते ताई, कापूस कडक पडते, अन् लोकर-कोशात करंट येते. म्हणून तर गिरणीत हवा ओली ठेवत. एम्प्रेस मिल, १८७७ सालची, जमशेटजी टाटांची, तिच्यात हवा दमट ठेवायचे यंत्र बसवले होते. आमचे मोठे बाबा तिथं होते, सांगायचे की उन्हाळ्यात मिलच्या आत गेलं की अंग चिकचिक करे, पण सूत नाही तुटे.

तुमच्या घरी कूलर हाये न? त्याच्यासमोर नाही, बाजूले बसा. समोर बसलं तर कापूस उडून जाइन. बाजूले दमट हवा येते तेवढी पुरे. अन् पेळू रातभर ओलं फडकं झाकलेल्या डब्यात ठेवा, डब्यात पाणी नको.

---

महालकर
३ मे, रात्री ८:४५

उशिरा आलो. आमच्या शेजारी हातमागावर काम केलेले कोष्टी काका आहेत, हलबा कोष्टी, नागपुरी लुगडी विणलेला माणूस. त्यांना धागा वाचून दाखवला. त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत देतो: हे सूत ताण्यात घालायचं नाही, फक्त बाण्यात (आडव्या धाग्यांत). ताणा साधा दोनपदरी सुती, आणि फणी मोकळ्या घराची (दातांमधली फट मोठी). गाठी काठावर येऊ द्यायच्या नाहीत, काठ आत ओढला जातो. प्रत्येक गाठीच्या सुतानंतर एक फेरी साध्या सुताची टाकायची, ती गाठीला जागेवर बसवते.

सूत किती लागेल तेही त्यांनी तोंडी सांगितलं: आसन २४ बाय २४ इंच धरा, इंचाला ५ फेऱ्या, म्हणजे १२० फेऱ्या, एकेक दोन फुटांची, झाले २४० फूट. आटणं आणि काठाचं वळण धरून ८० मीटर तयार ठेवा. मधल्या साध्या फेऱ्या वेगळ्या.

---

गाठोडंवाली
३ मे, रात्री ९:१०

८० मीटर! मरून एवढी उरलेली नाही. काय करू?

---

वर्धेचीलेक
४ मे, सकाळी ६:२०

मग मधे दोरा घाला. पक्का सुती दोरा ताणून धरायचा आणि मिश्रण त्याच्यावर आडवं धरून गुंडाळत जायचं. ताकद दोऱ्याची, अंग आणि रूप तुमच्या तंतूंचं, त्यामुळे थोड्या लोकरीत पुष्कळ लांबी निघते, आणि आखूड कापूस, सावरीचा अंश, दशांचे तुकडे सगळं त्यावर बसतं. इथे गाठ तंतूपेक्षा लांब चालते, कारण धरायला आत दोरा आहे.

एकच सांभाळा. तुमच्या चातीवर निघणाऱ्या सुताच्या पिळाच्या रेघा ज्या बाजूला कलतात, दोऱ्याच्या रेघाही त्याच बाजूला कललेल्या हव्यात. उलट असल्या तर तुम्ही जसजसं काताल तसा दोरा आतून उसवत जाईल आणि मधेच तुटेल. दोरा घेताना हात लांब करून उजेडात बघा, दिसतं. शेवटी त्याच्यावर एक बारीक सुती तार उलट्या पिळाने गुंडाळून दुपदरी करा, ती टिपक्यांना बांधून ठेवते, आणि जास्तीचा पीळही उतरतो.

---

धुनकी
४ मे, सकाळी ९:००

अंबाडी टाकू नका ताई. कुटून मऊ करा अन् मधला दोरा तिचाच वळा, आसनाले कडकपणा येईन. आमच्याकडे म्हणतच असत, सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

---

गाठोडंवाली
२६ मे, रात्री १०:२०

८३ मीटर. फोटो जोडलाय.

मधला दोरा अर्ध्या लांबीला अंबाडीचा, अर्ध्याला सुती. अंबाडी वळताना तळव्याची साल गेली पण तो भाग हाताला भक्कम लागतो. लाल-काळ्या दशा दर वितीला एक. कोसा सगळीकडे आहे, कुठे दिसतो, कुठे नुसता चकाकतो. कूलरच्या बाजूला बसूनच झालं सगळं. कोमट पाण्यात बुडवून सावलीत टांगलं तेव्हा गॅलरीत तासभर तिथेच बसले होते. एकही गाठ सुटली नाही. बारीकसूत सर, मधल्या फेऱ्यांचं साधं सूत मी आत्यांच्या पेळूंचंच कातलंय, जमेल तेवढं समान. तुम्हाला आवडेल असं वाटतं.

महालकर, काकांना विचाराल का, कधी आणू?

---

बारीकसूत
२७ मे, सकाळी ७:००

फोटो दोनदा मोठा करून पाहिला. साध्या सुताचा पीळ उत्तम आहे. गाठींकडे अधिक वेळ पाहिला हेही सांगतो.

---

महालकर
२७ मे, रात्री ९:३०

काका म्हणाले मंगळवारी आणा, तोवर मोकळ्या घराची फणी शोधून ठेवतात. आणि ते मोगऱ्यासारखं मीटरभर सूतसुद्धा आणा म्हणाले, त्यांना हातात घेऊन बघायचंय.

---

धुनकी
२८ मे, सकाळी ८:१५

गाठोडंवाली ताई, हा धागा वाचून आजोबांच्या धनुकीले नवी तांत लावली काल. वाजते. रविवारी पाहाले या, सरकी काढलेलाच कापूस आणजा.

---

गाठोडंवाली
२८ मे, सकाळी ८:४०

येते! पाव किलो पुरे का?

---

धुनकी
२८ मे, सकाळी ८:४४

हाव, पुरे.